मुलांचा कॅन्सर : ठाण्या-नवी मुंबईतले आईबाबा दवाखान्यात विचारतात ते प्रश्न

मी कॅन्सरची डॉक्टर नाही. ठाण्यातल्या नौपाड्यात बसणारी साधी बालरोगतज्ज्ञ आहे. सर्दी-खोकला, लसी, वजन-उंची, पावसाळ्यात डेंगी, मार्चमध्ये परीक्षेची पोटदुखी. पण कॅन्सर झालेलं जवळजवळ प्रत्येक मूल परळच्या किंवा खारघरच्या टाटा रुग्णालयात पोचण्याआधी माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर बसलेलं असतं. पुढे किमो सुरू झाली, रात्री अंग तापलं, की पहिला फोनही आम्हालाच येतो. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. ही उत्तरं तुमच्या मुलाच्या डॉक्टरांच्या जागी वापरू नका. त्यांच्याकडे लवकर पोचण्यासाठी वापरा.

एवढ्या लहान मुलांना कॅन्सर होतो?

होतो. मोठ्यांच्या मानानं खूप कमी, पण होतो. त्यातला साधारण एक तृतीयांश रक्ताचा, म्हणजे ल्युकेमिया. मग मेंदूतल्या गाठी, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आणि मूत्रपिंड, हाडं, डोळा वगैरेंचे कॅन्सर. मोठ्यांचा कॅन्सर अनेकदा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. मुलांचा भराभर वाढतो आणि औषधालाही तितक्याच झपाट्यानं दाद देतो. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. २०३०पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली ठेवलं. आपल्याकडची मुलं मागे पडतात त्यात उशिरा पोचणं आणि उपचार अर्धवट सोडणं ही दोन मोठी कारणं आहेत, आणि ही दोन्ही आपल्या हातातली आहेत.

ताप, अंगदुखी, भूक नाही, हे तर सगळ्याच मुलांना होतं. मग ओळखायचं कसं?

लक्षण पाहून ओळखता येत नाही. दिवस मोजून शंका घेता येते. साधा विषाणूचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. मुक्या माराचा काळानिळा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळा पडून जातो. घसा आला की सुजलेली मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. प्रत्येक दुखण्याची मुदत असते. ती उलटली आणि दुखणं गेलं नाही, किंवा जाऊन परत आलं, तर औषध बदलून मागण्याऐवजी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे अजून का गेलं नाही?’ याच दुखण्यासाठी तीनदा येऊन गेलेलं मूल माझ्या हिशेबात वेगळं मूल असतं. त्याला मी कपडे काढून, पोटापासून काखेपर्यंत पुन्हा तपासते.

दोन महिन्यांत चेहरा पांढराफटक पडलेला, खेळायला जाणारं मूल सोफ्यावर पडून राहणारं, पडलं-आपटलं नसताना मांड्यांवर आणि पाठीवर डाग, हिरड्यांतून रक्त, बोटानं दाबले तरी न मावळणारे लाल टिपके. यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करायचा.

रिपोर्टमध्ये प्लेटलेट ४० हजार आहेत. डॉक्टर म्हणाले डेंगी. पावसाळाच आहे. पुरे ना?

जुलै ते ऑक्टोबर ठाण्यात हा प्रश्न रोजचा आहे, आणि बहुतेक वेळा तो डेंगीच असतो. पण ‘प्लेटलेट कमी’ एवढ्यावर थांबू नका. त्याच कागदावरच्या आणखी दोन ओळी बघा.

पहिली हिमोग्लोबिनची. डेंगीत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन सहसा पडत नाही, उलट वर सरकतं. रक्तस्राव नसताना प्लेटलेटही कमी आणि हिमोग्लोबिन ६-७, हे डेंगीत बसत नाही. दुसरी ओळ पांढऱ्या पेशींची. ल्युकेमियात त्या खूप वाढलेल्या असतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्या वाढलेल्या, कमी किंवा अगदी नॉर्मलही असू शकतात. म्हणून यंत्राच्या आकड्यावर न थांबता काचपट्टी पॅथॉलॉजिस्टनं स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवी. ‘पेरिफेरल स्मिअर’ असं स्पष्ट लिहून मागा.

आणि पुन्हा दिवस मोजा. डेंगीत प्लेटलेट तापाच्या चौथ्या ते सातव्या दिवशी तळाला जातात आणि दहाव्याच्या सुमाराला वर येऊ लागतात. दोन आठवड्यांनी मूल हिंडतंय-फिरतंय म्हणून पुन्हा सीबीसी करायला कुणी जात नाही. जा. फार मोठा खर्च नाही. पपईच्या पानांचा रस देऊन तीन आठवडे वाट पाहिलेलं मूल मी पाहिलं आहे.

मानेत गाठ आहे. टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या का?

सुईची तपासणी किंवा बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, झाल्याशिवाय नको. टीबी आपल्याकडे भरपूर आहे हे खरं, म्हणूनच गाठ दिसली की ‘टीबीच असेल’ म्हणून औषध सुरू करण्याचा मोह होतो. दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी, रबरासारखी घट्ट, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ लिम्फोमाची असू शकते. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात गाठ लागली तर तिथे वाट पाहायचीच नाही. सुईत नीट कळलं नाही तर पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. आईबाबांना ते जड वाटतं. चुकीच्या औषधाचे सहा महिने त्याहून जड पडतात.

रात्री पाय दुखतो म्हणून रडतो. वाढीचं दुखणं ना?

इथे माझी स्वतःची चूक सांगते. बारा वर्षांचा मुलगा, सोसायटीच्या टीममधला फास्ट बोलर. गुडघा दुखतो म्हणून आला. मी ‘वाढीचं दुखणं’ लिहिलं, कॅल्शियम दिलं. आईनं जाताना विचारलं होतं, ‘पण एकच पाय का दुखतो?’ मी हसून काहीतरी उत्तर दिलं. पाच आठवड्यांनी तो लंगडत आला तेव्हा एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या वरचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. मधल्या काळात एका मालिशवाल्याकडे चार बैठका झाल्या होत्या.

त्या आईचा प्रश्न बरोबर होता. वाढीचं दुखणं दोन्ही पायांना असतं, संध्याकाळी-रात्री येतं, सकाळी मूल उड्या मारतं, आणि सूज नसते. एकाच जागी दुखणं, झोपेतून उठवणारं, लंगडायला लावणारं, हाताला सूज लागणारं, याला एक्स-रे लागतोच. किशोरवयात गुडघ्याभोवतीचं हाड ही ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची, आवडती जागा. आणि कारण कळेपर्यंत मालिश, शेक, हाडवैद्य, काहीही नको.

लहान मूल चालायचंच बंद झालं, कडेवर घे म्हणतं, तर ल्युकेमियाही डोक्यात ठेवावा. त्यात हाडं आतून दुखतात.

फोटोत बाळाचा एक डोळा पांढरा चमकतो.

फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बुबुळं लाल यावीत. एक पांढरं-पिवळं, मांजराच्या डोळ्यासारखं येत असेल, किंवा डोळा नव्यानं तिरळा झाला असेल, तर या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो आणि लवकर सापडला तर जीव वाचतोच, अनेकदा डोळाही वाचतो. तिरळेपणाला ‘लक्ष्मीचं लक्षण’ म्हणणाऱ्या आज्जींना नमस्कार करा आणि निघा. घरात एकाला निघाला तर भावंडांचे डोळेही तपासायचे.

आंघोळ घालताना पोटात गोळा लागला.

पुन्हापुन्हा दाबून बघू नका, शेजाऱ्यांना दाबून बघू देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर आणि सोनोग्राफी. मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर असा आंघोळीतच सापडतो.

रोज सकाळी उलटी होते, डोकं दुखतं. पित्त असेल का?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘पित्त’ म्हणण्याआधी त्याला एका रेषेवर चालवून पाहा. सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी, उलटी झाली की बरं वाटणं, तोल जाणं, एकाची दोन दिसणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, अक्षर अचानक बिघडणं. डोक्यात दाब वाढला की असं होतं. मुलांत मेंदूच्या मागच्या भागातल्या गाठी बऱ्याच असतात, म्हणून तोल आधी जातो. त्यात मूल गुंगायला लागलं किंवा झटका आला तर ओपीडीची वेळ पाहायची नाही, तडक इमर्जन्सीत जायचं.

खोकला आहे, झोपता येत नाही. दम्याचं औषध चालू आहे.

ही ओळ नीट वाचा. मूल आडवं होत नसेल, उशांना टेकून बसून झोपत असेल, सकाळी चेहरा-मान सुजलेली दिसत असेल, गळ्यावरच्या शिरा फुगलेल्या असतील, तर छातीत हृदयाच्या वर गाठ असून ती श्वासनळी आणि मोठी शीर दाबत असू शकते. अशा मुलाला जबरदस्तीनं आडवं करायचं नाही, स्कॅनसाठीसुद्धा. झोपेचं औषध तर मुळीच नाही. बसवूनच न्यायचं.

आणि स्टेरॉइडबद्दल. दमा, सांधेदुखी, प्लेटलेट कमी, या सगळ्यांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिलं जातं. ल्युकेमिया-लिम्फोमावर तेच औषध चालतं, म्हणून मूल चार दिवस झकास दिसतं, गाठ आक्रसते, आणि नंतर बायोप्सीत काही सापडत नाही. निदान पुसलं जातं, आजार राहतो. म्हणून निदान पक्कं नसताना स्टेरॉइड लिहून मिळालं तर विचारा, ‘आधी छातीचा एक्स-रे आणि सीबीसी-स्मिअर करू का?’ असं विचारल्यानं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

पसरत नाही. निदानाशिवाय औषध ठरत नाही. अपवाद सांगायचा तर डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमाचा, तिथे सुई घालत नाहीत. आणि हाडाची बायोप्सी जे पुढे ऑपरेशन करणार त्यांच्याच टीमनं करावी, कारण छेद कुठे घ्यायचा हे त्यांनाच ठाऊक असतं. बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, कण्यातून नाही. पाठीतून पाणी काढल्यानं मूल पांगळं होतं हीही भीतीच आहे.

मग जायचं कुठे?

परळचं टाटा मेमोरियल, १९४१पासूनचं, सर्वांना ठाऊक आहे. त्याचीच खारघरची शाखा ॲक्ट्रेक, आणि ऐरोली-वाशी-पनवेलकरांना ती जवळची. परळलाच मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. ठाण्याहून वाटेवर शीवचं महापालिका रुग्णालय लागतं, तिथेही मुलांच्या रक्तविकार-कॅन्सरचा विभाग आहे. घोडबंदर रोडवाल्यांना बोरिवली पूर्वेचं मुंबई महापालिकेचं केंद्र सोयीचं पडू शकतं, तिथे मुलांचं बोन मॅरो प्रत्यारोपणही होतं. लोकलमधला अपंगांचा डबा कॅन्सर रुग्णांसाठीही असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मात्र काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, पडलेले असताना गर्दीच्या वेळी तोही नको.

केंद्र कोणतंही निवडा, पण मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग असलेलं निवडा, आणि निवडल्यावर तिथेच टिका. तीन ठिकाणी मतं घेत फिरण्यात महिना जातो.

किमो चालू आहे. रात्री ११ वाजता १०१ ताप. क्रोसिन देऊन सकाळी जाऊ का?

नाही. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेल्या की अंगात सैन्यच उरत नाही. एरवी आतड्यात, त्वचेवर गुपचूप राहणारे जंतू रक्तात शिरतात आणि काही तासांत रक्तदाब पाडतात. पू होत नाही, लाली येत नाही, कारण पू म्हणजे पांढऱ्या पेशीच, आणि त्याच नाहीत. बाहेर दिसतो तो फक्त ताप. म्हणून हा ताप ‘आला असेल व्हायरल’ या खात्यात टाकता येत नाही.

एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४, एवढं झालं की निघायचं. आपल्याकडे काखेत मोजतात आणि तिथे आकडा थोडा कमीच येतो, म्हणून काखेत १००.४ दिसला की मी तरी दुसऱ्यांदा मोजत बसायला सांगणार नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली, विशेषतः पिक लाइन किंवा पोर्टमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवून ठेवलेल्या नळीतून, औषध-सलाईन दिल्यावर, तर आकडा न पाहता निघा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असताना उलटा धोका असतो. स्टेरॉइड ताप दाबतं, मूल आतून जंतुसंसर्गानं ढासळत असतं आणि थर्मामीटर ९८ दाखवतो. हातपाय गार, लघवी कमी, डोळे अर्धवट, ‘नुसता पडून आहे’, हे तापाइतकंच समजा.

पॅरासिटामॉल मोजण्याआधी देऊ नका, आणि देऊन वाट पाहू नका. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नाही. गुदद्वारात थर्मामीटर, गोळी, एनिमा नाही, कारण तिथल्या बारीक जखमेतून जंतू थेट रक्तात जातात. दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन नाही.

रुग्णालयात पोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे. कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधण्यासाठी, रक्त आधी घेतात, पण सीबीसीचा रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. दारात पोचताच मोठ्यानं सांगा, ‘किमोवरचं मूल आहे, ताप आहे, अँटिबायोटिक तासात हवंय.’ एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर माझ्या एका छोट्या रुग्णाला तापाच्या रांगेत दोन तास बसवलं होतं. त्याच्या बाबांनी आवाज चढवायला संकोच केला. संकोच करू नका.

पण परळ लांब आहे. घोडबंदरवरून निघालो आणि ट्रॅफिक लागलं तर?

म्हणूनच हे किमोच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवायचं, तापाच्या रात्री नाही. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल, मुलांचं आयसीयू असेल आणि रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतील असं रुग्णालय शोधा. आधी जाऊन भेटा, फाइल दाखवा, ‘पहिला डोस इथे मिळेल का’ विचारा. तुमच्या केंद्राकडून ताप आला तर कोणतं अँटिबायोटिक, किती, हे एका कागदावर लिहून घ्या. पहिला डोस इथे, मग अँब्युलन्सनं परळ किंवा खारघर. १०८ फुकट आहे.

दाराजवळ एक पिशवी भरलेली असू द्या. शेवटच्या किमोची तारीख आणि औषधांची नावं असलेला कागद, शेवटचा सीबीसी, लाइनची माहिती, रक्तगट, चार्जर, मास्क, मुलाचं पांघरूण. सोसायटीतल्या एका रिक्षावाल्याचा किंवा गाडीवाल्या शेजाऱ्याचा ‘रात्रीही चालेल’ असा होकार. माझ्या माहितीतल्या एका घरानं फ्रिजवर मोठ्या अक्षरांत ‘१००.४’ एवढंच लिहिलं होतं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, आकडा येत होता.

पाहुणे शहाळी घेऊन येतात. देऊ का?

उपचाराच्या अगदी सुरुवातीला विचारल्याशिवाय नको. हा प्रश्न इथेच का, ते सांगते. मोठ्या गाठीच्या किंवा लाखभर पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये पहिलं औषध जाताच, कधी त्याआधीच, पेशी धडाधड फुटतात. त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उतरतं, कॅल्शियम पडतं. मूत्रपिंडं तुंबतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून तेव्हा भरपूर सलाईन पोटॅशियम न घालता चालवतात, युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज देतात, दर काही तासांनी रक्त तपासतात आणि लघवी थेंब न थेंब मोजतात. शहाळं, केळं, संत्र्याचा रस यांत पोटॅशियम भरपूर. आजाऱ्याला शहाळं द्यायची आपली रीत इथे घातक ठरू शकते. लघवी मोजायची बाटली फेकून देऊ नका. नर्स तुम्हाला छळत नसते.

रासब्युरिकेजआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी विचारतात. ते एन्झाइम घरात कुणाला कमी असेल तर आवर्जून सांगा.

नाकातून रक्त येतंय, थांबत नाही.

बसवा, किंचित पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घड्याळ लावून दाबा. डोकं मागे टाकू नका. थांबलं नाही, किंवा उलटी-शौच काळी झाली, किंवा डोकं दुखून मूल गुंगायला लागलं, तर निघा. प्लेटलेट लागतील. त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून डोनरची यादी आधीच हवी. गणेश मंडळातली, ऑफिसातली मुलं यात खूप मदत करतात. मात्र सख्ख्या नातेवाइकांचं रक्त शक्यतो नको. त्यांच्या पेशी मुलाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत आणि उलटून हल्ला करू शकतात. ‘माझं रक्त घ्या’ म्हणणाऱ्या बाबांना दुसऱ्याच्या मुलासाठी द्यायला सांगा.

पाठ दुखते, आणि आज जिन्यावर पाय लटपटले.

आजच. पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा, मुंग्या, लघवी अडणं किंवा कपड्यात होणं म्हणजे कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. चालणारं मूल कायमचं अंथरुणाला खिळू शकतं, आणि तासांवर फरक पडतो. एमआरआय रात्रीच मागा.

गोळ्या दोन वर्षं? मूल तर छान आहे.

रक्ताच्या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. शेवटचा मोठा टप्पा घरच्या गोळ्यांचा. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मूल छान दिसतं म्हणूनच गोळ्या चुकतात, आणि चुकल्या की आजार उलटतो.

उलट चूकही होते. मेथोट्रेक्सेट रोज दिलं तर तोंड सोलवटतं, काउंट पडतात, जीव जाऊ शकतो. कालनिर्णयवर एक वार निवडा, समजा गुरुवार, आणि वर्षाचे सगळे गुरुवार आजच गोल करून टाका. गोळी दिली की त्यावर फुली. हे मेथोट्रेक्सेट आणि त्याआधीचं अमिनोप्टेरिन येल्लाप्रगड सुब्बाराव या आपल्या तेलुगू शास्त्रज्ञाच्या गटानं अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत घडवलं. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाची मुलं थोडा काळ का होईना सावरतात हे दाखवलं. त्याआधी या आजाराला औषधच नव्हतं. दवाखान्यात हे मी सांगते तेव्हा गोळीला नावं ठेवणारी मुलंही जरा आदरानं गिळतात.

खायला काय द्यायचं?

घरी शिजवलेलं, ताजं, गरम. उकळलेलं पाणी, जाड सालीचं फळ धुऊन घरी सोललेलं. कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी, बर्फाचा गोळा, कच्ची कोशिंबीर नको. तोंड आलं असेल तर गार मऊ भात, खिमट, आणि तिखट बंद. मामलेदारची मिसळ तूर्त बाबांनी एकट्यानं, लपून खावी. स्टेरॉइडच्या आठवड्यांत मूल रात्री तीनला उठून बटाटेवडा मागतं, नाही दिला तर घर डोक्यावर घेतं. तो लाडावलेपणा नसतो, औषध बोलत असतं. मीठ-साखर सांभाळून घरी तळून द्या.

विन्क्रिस्टिन या किमोच्या औषधानंतर बद्धकोष्ठ ठरलेलं, त्याचं औषध आधीच मागा. ‘लाल इंजेक्शन’नंतर (डॉक्सोरुबिसिनसारखं लाल रंगाचं किमोचं औषध) लघवी लाल झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. ॲस्पॅराजिनेज या किमोच्या औषधानंतर पोटात जोरात कळ किंवा भयंकर डोकेदुखी आली तर मात्र लगेच कळवा.

शाळेतल्या मित्राला कांजिण्या आल्या.

पुरळ उठण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांत देता येणारं संरक्षण असतं. गोवरालाही तेच. किमो चालू असताना मुलाला जिवंत लसी देत नाहीत. भावंडांना पोलिओचे थेंब की इंजेक्शन, हेही केंद्रात विचारून घ्या.

सोबत काढा, गुळवेल, भस्म चालेल?

चालवत असाल तर निदान लपवू नका. मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट यकृतावर आधीच ताण देतात. यकृताचे आकडे वाढले आणि कारण कळलं नाही की किमो थांबते. दृष्ट काढा, अंगारा लावा, माझी काही हरकत नाही. पोटात जाणारं विचारून.

पैसा कुठून आणायचा? राहायचं कुठे?

पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, दागिने मोडायच्या आधी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार, त्यांवरची नावं जुळतात का ते घरीच तपासा. स्पेलिंगच्या एका अक्षरावर आठवडा जातो. टाटात मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन खर्चापासून आहारापर्यंत मदत करतं. लांबून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. खारघरलाही सेंट ज्यूडची मुलांसाठी विनामूल्य राहण्याची केंद्रं आहेत. शहापूर-मुरबाडच्या कुटुंबांनी ‘रोज ये-जा करू’ म्हणू नये. उपचार सुटतात ते बहुतेक वेळा या ये-जामुळेच.

आमचं काय चुकलं?

काही नाही. मोबाइल टॉवर नाही, मॅगी नाही, गरोदरपणातलं ग्रहण नाही. साधारण १० टक्के मुलांत जन्मजात जनुकीय कल सापडतो, बाकीच्यांत कारण हाती लागत नाही. कॅन्सर संसर्गजन्य नाही. भावंडांनी एका ताटात जेवलं तरी होत नाही.

मुलाला सांगायचं?

हो, वयाला झेपेल तेवढं. त्याला कळलेलंच असतं. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन रडता हेसुद्धा.

उपचार संपले. आता कशाला जायचं?

पहिली काही वर्षं आजार परत येतो का हे पाहायला. त्यानंतर औषधांच्या खुणा पाहायला. लाल औषधानं हृदयावर, काहींनी कानांवर किंवा मूत्रपिंडावर, किरणोपचारानं उंचीवर आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, तोही दहा-वीस वर्षांनी. टाटात यासाठी १९९१पासून वेगळी ओपीडी चालते. बरे झालेल्यांचा ‘उगम’ नावाचा गटही आहे. नुकतंच निदान झालेल्या आईबाबांना मी त्यांच्याशी बोलायला सांगते, कारण माझ्या वीस वाक्यांपेक्षा समोर उभा असलेला नोकरीला लागलेला मुलगा जास्त पटतो.

आणि फाइल टाकू नका. एकूण किती किमो, किती किरण, याची एक पानी नोंद केंद्रातून लिहून घ्या आणि लॅमिनेट करा. माळ्यावर नको, आपल्याकडे पावसात माळेही गळतात. कपाटात, सोन्याच्या पावत्या ठेवता त्या कप्प्यात ठेवा. मुलीच्या बाळंतपणात तिच्या डॉक्टरांना ती लागेल.